घाबरट कुत्र्याला फिरायला नेताना

मागच्या वर्षी जुलै महिन्यात एके सकाळी मी दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक बाई आल्या. वय बासष्ट, माझ्या जुन्या रुग्ण. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला. सोडून पाहिला तर आत हळद आणि लाल तिखटाचा लेप, आणि लेपाखाली दात खोल रुतल्याच्या चार खुणा. रक्त अजून झिरपत होते. मागोमाग त्यांचे यजमान आले. चिंचवडच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी करून निवृत्त झालेले, बोलायला रोखठोक.

"रस्त्यावरचं नाही डॉक्टर, घरचंच चावलं. आता पालिकेच्या गाडीला फोन करतो. नाहीतर चाकणच्या पुढे नेऊन सोडून येतो."

बाई म्हणाल्या, "तिची चूक नाही हो. घाबरली होती ती."

मी त्यांना आधी नळाखाली नेले आणि जखम साबणाने धुवायला लावली. उपचाराचे पुढे सांगतोच. पण त्या दिवशी मनातून मी यजमानांच्या बाजूचा होतो, हे कबूल केले पाहिजे. चावणारे कुत्रे घरात कशाला, असेच मलाही वाटले होते. बाईंचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे मला नंतर समजले. ते वाचकांनाही समजावे म्हणून आजचा लेख. आपल्या भागात रस्त्यावरचे जखमी, भुकेले कुत्रे घरी आणून सांभाळणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची तक्रार एकच असते. कुत्रे घरात गरीब गाय, पण रस्त्यावर नेले की अंगात आल्यासारखे करते.

या कुत्रीचे नाव ठकी. मार्च महिन्यात वाहनाचा धक्का लागून लंगडत ती यांच्या इमारतीच्या जिन्याखाली येऊन बसली. वय साधारण वर्षाचे. बाईंनी आधी पोळी घातली, मग पायाला मलमपट्टी केली, आणि आठ दिवसांत ठकी वर घरात आली. त्या बाईंना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. रोज चाला म्हणून मी सांगत आलो आणि गुडघे दुखतात म्हणून त्या टाळत आल्या. ठकीला मात्र दोन वेळा बाहेर न्यावेच लागे. जूनमध्ये रक्त तपासले तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर ८.६ वरून ७.४ वर आलेली होती. माझ्या उपदेशाने अकरा वर्षांत जे झाले नाही ते या कुत्रीने तीन महिन्यांत करून दाखवले होते. ती गेली असती तर बाईंचे चालणेही गेले असते. म्हणून मी माझ्या एका पशुवैद्य मित्राला गाठले आणि हा विषय नीट समजावून घेतला.

भुंकण्यामागे भीती

त्या सकाळी घडले ते असे. सहाची वेळ, पहिल्या पाळीच्या कंपनी-बस सुटत होत्या. कोपऱ्यावरच्या कचराकुंडीपाशी तीन मोकाट कुत्री बसली होती. त्यांना पाहून ठकी थबकली. कान मागे गेले, शेपूट पायांत गेले. बाईंचे लक्ष बसकडे होते. ठकी गुरगुरली, मग जोरात भुंकू लागली. बाईंनी मनगटाला गुंडाळलेली साखळी ओढली, "गप" म्हणून एक चापट मारली. तोवर ती तिन्ही कुत्री उठून जवळ आली. बाई ठकीला उचलायला वाकल्या आणि ठकीने मान वळवून पहिली जी वस्तू तोंडासमोर आली तिला दात लावले. ती वस्तू म्हणजे बाईंचा हात.

भीती वाटली की प्राण्याच्या शरीरात ॲड्रिनॅलिन वाढते. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. हे माणसातही तसेच होते. अशा वेळी प्राण्यापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात, पळून जाणे किंवा अंगावर जाणे. मोकळे कुत्रे बहुधा पळते. साखळीला बांधलेल्या कुत्र्याचा तो मार्ग आपण बंद केलेला असतो. मग ते भुंकते, दात दाखवते, उड्या मारते. त्याला म्हणायचे असते, 'तू लांब जा, मला जाता येत नाही.' समोरचे कुत्रे निघून गेले की त्याला वाटते भुंकण्याचा उपयोग झाला, आणि पुढच्या वेळी ते आणखी लवकर भुंकते. अशी ही सवय पक्की होत जाते.

रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यात हे जास्त का दिसते? पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे पाहते, ऐकते, त्याला ते जगाचा नेहमीचा भाग समजते. त्या काळात ज्याने माणसांचे दगड खाल्ले, वाहनाखाली भावंडे गेलेली पाहिली, त्याच्या मनावर तोच ठसा राहतो. शिवाय मोकाट कुत्र्यांचे आपापले इलाखे ठरलेले असतात. कालपर्यंत ठकी दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकत नव्हती. आज आपण तिला साखळी बांधून रोज चार हद्दी ओलांडायला लावतो. तिच्या जागी आपण असतो तर आपलेही पाय लटपटले असते.

१९२४ सालच्या दोन गोष्टी

भीती मनात कशी बसते आणि कशी निघते, यासंबंधी शंभर वर्षांपूर्वीच्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. दोन्ही १९२४ सालच्या.

पहिली रशियातली. पावलोव्ह हे नाव वाचकांना शाळेच्या पुस्तकातून आठवत असेल. ठरावीक आवाजानंतर खाणे मिळते हे कळले की नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला महापूर आला आणि पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली. मदतनिसांनी त्यांना पाण्यातून ओढत बाहेर काढले. कुत्री वाचली, पण त्यांतील काही आधी शिकलेले सारे विसरली. पुष्कळ दिवसांनी एक कुत्रा सावरला, तेव्हा मुद्दाम दाराखालून पाण्याची बारीक धार सोडून पाहिली. तेवढ्याने तो पुन्हा पहिल्यासारखा बिथरला. पवनेचे पाणी मोरया गोसावी मंदिरात शिरलेले ज्यांनी पाहिले आहे, नदीकाठच्या घरांतून रात्री सामान हलवले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पुढे किती वर्षे नुसता धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा ऐकला तरी छातीत धडधडते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हा मुलगा सशाला भिई. जोन्सबाईंनी त्याला खुर्चीत बसवून आवडीचे खाणे दिले आणि ससा पिंजऱ्यात घालून खोलीच्या लांबच्या टोकाला ठेवला. मुलाचे खाणे थांबणार नाही इतपतच पिंजरा हळूहळू जवळ आणत गेल्या. शेवटी तो मुलगा सशाला हाताने गोंजारू लागला. मध्येच एक विघ्न आले होते. पीटर आजारी पडून दवाखान्यात गेला. तिथून परतताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला आणि सशाची गेलेली भीती पुन्हा पहिल्याइतकी झाली. जोन्सबाईंनी पुन्हा सुरुवातीपासून आरंभ केला आणि तो बरा झाला.

घाबरट कुत्र्याचा सारा उपचार या दुसऱ्या गोष्टीत आला. भीतीची वस्तू लांब ठेवायची, तेवढ्यात आवडीचे खाणे द्यायचे, अंतर हळूहळू कमी करायचे, आणि मागे आल्यास न चिडता पुन्हा सुरू करायचे.

आधी तपासणी

औषधाआधी निदान, हा आमचा नियम इथेही लागू आहे. दुखणे असलेले कुत्रे चिडके होते. कानात पू, किडलेला दात, जुन्या अपघातातले हाड, गोचिडांमुळे आलेला ताप यांपैकी काहीही असू शकते. ठकीचा मागचा पाय अजून दुखत होता, हे पशुवैद्याने हात लावताच कळले. साखळी ओढली की झटका त्या पायालाच बसत होता. म्हणून नव्याने आणलेल्या कुत्र्याची तपासणी, जंताचे औषध, रेबीजची लस आणि नसबंदी या गोष्टी आधी उरकाव्यात. महापालिकेकडे नोंदणी करावी. रेबीजची लस पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे पुन्हा पुन्हा द्यावी लागते, एकदा देऊन भागत नाही.

कुत्र्याला आपल्या मनाने माणसाची गोळी देऊ नये. ब्रुफेन आणि क्रोसिनसारखी साधी वाटणारी औषधे त्याला घातक ठरू शकतात. मागे एका गृहस्थांनी माझ्याकडे कुत्र्यासाठी झोपेची अर्धी गोळी मागितली होती. भीती फार असेल तर पशुवैद्य त्यावर औषध देतात, पण ते त्यांनीच द्यायचे.

साखळी, पट्टा आणि मुसके

गळ्यात आवळणारी साखळी वापरू नये. गळा आवळला की भीतीत वेदनेची भर पडते, आणि समोरचे कुत्रे दिसले की गळा दुखतो, असे समीकरण त्याच्या डोक्यात बसते. दुकानात हार्नेस म्हणून मिळतो तो छातीपट्टा घ्यावा. हातात साधारण सहा फुटांचा मजबूत कापडी पट्टा असावा. तो मनगटाला किंवा बोटांना कधीही गुंडाळू नये. कुत्र्याने हिसका दिला की बोट मोडते, खांदा निखळतो, म्हातारे माणूस तोंडावर पडते आणि मनगटाचे हाड मोडून घेते. पट्ट्याची मूठ एका हातात, दुसरा हात पट्ट्यावर मध्ये, आणि पट्टा किंचित सैल, अशी पकड ठेवावी. पट्टा ताठ झाला की आपली धास्ती त्यातून कुत्र्यापर्यंत पोचते.

एकदा चावलेल्या कुत्र्याला बाहेर नेताना जाळीचे मुसके घालावे. मळणीच्या बैलाला आपण मुसके घालत आलो, त्यात कमीपणा नाही. मात्र ते असे असावे की कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. तोंड आवळून बांधणारी पट्टी उन्हात जिवावर बेतते. मुसके एकदम चढवू नये. आत खाऊ ठेवून आठ-दहा दिवस कुत्र्याला त्यात आपणहून तोंड घालायला शिकवावे.

वेळ आणि रस्ता

मोकाट कुत्री पहाटे आणि रात्री उशिरा जास्त फिरती असतात. आपल्याकडे सकाळी सहा ते आठ कंपन्यांच्या बस, शाळेच्या गाड्या, दूधवाले आणि फिरायला निघालेली माणसे यांची एकच गर्दी होते. घाबरट कुत्र्यासाठी ही वेळ वाईट. हिवाळ्यात सकाळी दहा-साडेदहा आणि दुपारी चार या वेळा त्या मानाने शांत असतात. उन्हाळ्यात मात्र डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून पाहावी. चटका बसत असेल तर कुत्र्याचे पंजेही भाजतील.

रस्ता निवडताना कचराकुंडी, मटणाची दुकाने आणि वडापावच्या गाड्या टाळाव्यात, कारण तिथे मोकाट कुत्री ठाण मांडून असतात. रुंद रस्ता बरा. समोरून कुत्रे आले तर पलीकडे जाता येते, उभ्या मोटारींच्या रांगेची आड घेता येते. चिंचवडगावातल्या अरुंद गल्ल्यांतून ते जमत नाही. मोरया गोसावी मंदिराजवळचा नदीकाठ आपल्याला रम्य वाटतो, पण चतुर्थीच्या गर्दीत घाबरट कुत्र्याला तिथे नेणे म्हणजे त्याचा छळ आहे. त्या मानाने प्राधिकरणातले रुंद रस्ते दुपारी सोयीचे. रोज तोच रस्ता असला तरी बिघडत नाही. ओळखीच्या वाटेवर कुत्र्याचा जीव रमतो.

फिरण्याचा अर्थही आपण जरा बदलावा. कुत्र्याला किती अंतर चाललो याच्याशी कर्तव्य नसते. वास घेणे हेच त्याचे वर्तमानपत्र. एका झाडापाशी तो दोन मिनिटे हुंगत असेल तर हुंगू द्यावे. त्याने तो शांत होतो.

अंतर हेच औषध

आता मुख्य उपचार. खिशात किंवा कमरेच्या पिशवीत उकडलेल्या अंड्याचे, कोंबडीचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे ठेवावेत. कांदा, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत, ते कधीही देऊ नयेत.

पहिले काही दिवस गच्चीवर किंवा इमारतीच्या आवारातच दोन गोष्टी शिकवाव्यात. नाव घेतले की आपल्याकडे पाहायचे, आणि 'चल मागे' म्हटले की वळून आपल्याबरोबर यायचे. दोन्हीला लगेच खाऊ. हे घरात पक्के झाल्याशिवाय रस्त्यावर जमत नाही.

मग बाहेर. दुसरे कुत्रे दिसले पण आपले अजून भुंकले नाही, असे अंतर शोधावे. ठकीच्या बाबतीत ते सुरुवातीला साठ फूट निघाले. त्या अंतरावर थांबावे. तिने कुत्र्याकडे पाहिले की लगेच एक तुकडा, पुन्हा पाहिले की पुन्हा तुकडा. ते कुत्रे नजरेआड झाले की खाऊ बंद. थोड्या दिवसांत कुत्रे दिसताच ती आपणहून मालकिणीकडे पाहू लागते, 'आता अंडे मिळणार' म्हणून. मग पाच-दहा फूट जवळ जावे. ती खाऊ घेईनाशी झाली तर आपण जास्त जवळ आलो असे समजून मागे सरावे. इतर वेळी खादाड असलेले कुत्रे अंड्याकडे पाहत नाही, याचा अर्थ ते भीतीने भरलेले आहे.

भुंकण्याआधीच्या खुणा ओळखायला शिकावे. झोप नसताना जांभई देणे, जिभेने ओठ चाटणे, कान मागे नेणे, शेपूट पायांत घालणे, पुढचा एक पाय उचलून धरणे, डोळ्यांचे पांढरे दिसणे, आणि शेवटी पुतळ्यासारखे ताठ उभे राहणे. यांतील पहिल्या दोन-तीन खुणांवरच वळून निघाले तर पुढचा तमाशा टळतो. समोरून येणाऱ्याला सरळ भिडू नये, वळसा घालून जावे.

एखाद्या दिवशी सगळे बिनसते. सकाळी फटाका वाजला, दुपारी कुरिअरवाला आला, संध्याकाळी मोटारसायकल अंगावरून गेली. प्रत्येक वेळी घागरीत थोडे थोडे पाणी पडत असते, आणि रात्री एका लहानशा कारणाने ती सांडते. भीतीने झालेला शरीरातला बदल ओसरायला काही तास, कधी दिवसही लागतात. असा प्रसंग झाल्यावर एक-दोन दिवस लांब फिरणे बंद ठेवावे. जवळच शी-शूला न्यावे, घरात हुंगून खाऊ शोधण्याचा खेळ द्यावा, चघळायला काही द्यावे. एवढ्याने कुत्र्याचे काही अडत नाही.

मोकाट कुत्री अंगावर आली तर

धावू नये, ओरडू नये. आपले कुत्रे मागे घेऊन स्वतः मध्ये उभे राहावे, ठाम आवाजात 'हट्' म्हणावे, आणि पिशवीतली मूठभर बिस्किटे त्या कुत्र्यांच्या पुढ्यात टाकून उलट दिशेने चालू लागावे. ती खाण्यात गुंततात. नामदेवमहाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावले होते. आपल्याला धावायचेही नाही, वाटी तिथेच ठेवून निघायचे आहे. जुंपलेल्या कुत्र्यांच्या मध्ये हात कधीही घालू नये. माझ्याकडे येणाऱ्या हातावरच्या चाव्यांत असे चावे पुष्कळ असतात. पाणी ओतावे, मोठा आवाज करावा, पण हात दूर ठेवावा.

हे करू नये

गुरगुरले म्हणून मारू नये. गुरगुरणे ही धोक्याची घंटा आहे. मारून ती बंद केली तर कुत्रे पुढच्या वेळी सूचना न देता चावते. 'एकदा ओळख होऊ द्या' म्हणून दुसऱ्या कुत्र्याच्या तोंडाशी नेऊ नये. लहान मुलांना हात लावू देऊ नये. 'घाबरते, लांब राहा' असे सांगण्यात संकोच नको. आणि सोडून देण्याचा विचार तर मुळीच करू नये. पाळलेल्या प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा, १९६० प्रमाणे गुन्हा आहे. शिवाय परक्या इलाख्यात टाकलेले घाबरलेले कुत्रे तिथल्या कोणाला तरी चावणारच. आपली अडचण आपण दुसऱ्याच्या दारात टाकतो, एवढेच.

चावा बसलाच तर

घरच्या, लस दिलेल्या कुत्र्याचा चावाही गंभीर समजावा. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना, तंबाखू काहीही लावू नये. त्याने जखम चिघळते. धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीन लावून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. त्याआधी घेतलेली लस मात्र प्राण वाचवते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून पुष्कळांच्या मनात आहे. ती जुन्या लशीची गोष्ट. तिचे उत्पादन आपल्या देशात २००४ साली थांबले. आताची लस दंडात देतात. स्नायूत दिल्यास चावल्यानंतर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीत दिल्यास ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पहिली लस देतात तो शून्यावा दिवस. दात रुतून रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत आणि तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते, कारण लशीचा परिणाम सुरू व्हायला काही दिवस जातात. पूर्वी पूर्ण लस घेतलेल्याला ० आणि ३ व्या दिवशी दोनच डोस पुरतात. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण त्याची वाट पाहत पहिला डोस लांबवू नये. मधले डोस थांबवायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. हातावरच्या चाव्यात पू लवकर होतो, मधुमेह असेल तर आणखी लवकर, म्हणून प्रतिजैविकाचा कोर्स पुरा करावा. जे नेहमी रस्त्यावरची कुत्री हाताळतात त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ही लस आधीच घेऊन ठेवावी.

बाईंना मी त्याच सकाळी इम्युनोग्लोब्युलिनसाठी रुग्णालयात पाठवले. लशीचे सगळे डोस त्यांनी वेळेवर घेतले. ठकी दहा दिवस ठणठणीत होती. यजमानांनी पालिकेला फोन केला नाही. "एक महिना बघू," म्हणाले.

पहिले पंधरा दिवस ठकी गच्चीवरच होती. पायावर उपचार झाले, छातीपट्ट्याची आणि मुसक्याची सवय झाली. ऑगस्टअखेर साठ फुटांवरून कुत्री पाहून ती अंडे खाऊ लागली. गणपतीच्या ढोल-ताशांत दहा दिवस फुकट गेले. ऑक्टोबरमध्ये अंतर वीस फुटांवर आले आणि दिवाळीच्या फटाक्यांनी ते पुन्हा पन्नासवर गेले. तेव्हा यजमान वैतागून माझ्याकडे आले होते. मी त्यांना पीटरची गोष्ट सांगितली. "म्हणजे पुन्हा सेटिंग करायची," ते म्हणाले. फिटर माणूस, त्यांना ते पटले.

ठकी आता रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जाणाऱ्या कुत्र्याकडे पाहते आणि मान वळवते. अगदी जवळ कोणी आले तर अजून गुरगुरते. फटफट आवाज करणारी मोटारसायकल तिला मुळीच खपत नाही, आणि ती बहुधा कधीच खपणार नाही. बाहेर जाताना मुसके असतेच. बाई सहाऐवजी दहा वाजता निघतात, अंड्याचे तुकडे करण्याचे काम यजमानांकडे आहे. मागच्या तपासणीत बाईंची साखर ७.१ होती. मी गोळी एकाने कमी केली.